‘मी कर्मचारी नाही’ या ओळीवर सही करण्याआधी

“सोबतचं डिक्लरेशन सही करून आजच पाठवा, अन्यथा या महिन्याचं बिल प्रोसेस होणार नाही.” ऐरोली, पवई, अंधेरी, बीकेसी, कुठल्याही कंपनीत एजन्सीमार्फत काम करणाऱ्याला हा मेल कधी ना कधी येतोच. सोबत दोन-तीन पानांची पीडीएफ. परतीच्या लोकलमध्ये उभ्या उभ्या ती मोबाईलवर उघडायची, शेवटच्या पानावर बोटाने सही करायची आणि पाठवून द्यायची, असंच बहुतेक जण करतात. यंदा १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू झाला. कलमांचे क्रमांक बदलले, त्यामुळे असे कागद नव्याने मागवले जात आहेत आणि गोंधळ वाढला आहे.

या कागदात दोन प्रकारच्या ओळी असतात. काही ओळी तुमच्याबद्दलची साधी वस्तुस्थिती सांगतात: पॅन, पत्ता, जीएसटी नोंदणी. काही ओळी तुमच्याकडून कायद्याचा निष्कर्ष वदवून घेतात: “मी कर्मचारी नाही.” पहिल्या प्रकारच्या ओळींवर बिनघोर सही करा. दुसऱ्या प्रकारच्या ओळींवर, माझ्या मते, आहे तशी सही करू नये. का, ते पुढे सांगते.

एजन्सीला हा कागद लागतोच कशाला?

कंपनी एजन्सीला पैसे देते, एजन्सी तुम्हाला. तुमच्या हातात रक्कम पडण्याआधी एजन्सीने त्यातून काही भाग कापून सरकारजमा करायचा असतो. यालाच टीडीएस म्हणतात: उत्पन्न जिथून निघतं तिथेच कापलेला कर. हा कर तुमच्या वर्षाच्या हिशोबातला आगाऊ हप्ता असतो. रिटर्न भरताना तो वजा होतो, जास्त कापला असेल तर परत मिळतो.

खरा प्रश्न असतो किती कापायचा. तुम्ही पगारी असाल तर जुन्या कायद्याचं कलम १९२: वर्षाच्या अंदाजी करावरून दरमहा कपात. व्यावसायिक म्हणून फी घेत असाल तर १९४-जे: साधारण १० टक्के, काही तांत्रिक सेवांना २ टक्के. कंत्राटी काम धरलं तर १९४-सी: व्यक्तीसाठी १ टक्का. नव्या कायद्यात पगाराचं कलम ३९२ झालं आहे आणि बाकीचं सगळं ३९३ मध्ये एकत्र आलं आहे. बाजारात आणि बिलांवर अजून जुनेच आकडे चालतात, म्हणून कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक मीही जुनेच वापरते.

आता एजन्सीच्या बाजूने बघा. कपात चुकली तर आयकर खातं आधी तिला धरतं. न कापलेल्या करावर दरमहा १ टक्का व्याज, कापूनही न भरलेल्यावर दीड टक्का. शिवाय त्या खर्चाचा ३० टक्के भाग नफ्यातून वजा करू दिला जात नाही. चर्नी रोडच्या टीडीएस कार्यालयातून नोटीस आली तर ती एजन्सीच्या नावावर येते, तुमच्या नाही. त्यामुळे “आम्ही विचारलं होतं, त्यांनी असं लिहून दिलं” हे दाखवायला तिला कागद हवा असतो. मागण्यात गैर काही नाही. पण तो कागद तिच्या बचावासाठी तयार झाला आहे, हे लक्षात ठेवूनच तो वाचावा.

कर्मचारी की व्यावसायिक, हे ठरवतं कोण?

तुमची सही नाही, एजन्सीचा मेलही नाही. काम प्रत्यक्षात कसं चालतं, त्यावरून ते ठरतं.

काळी-पिवळी टॅक्सी आणि घरचा ड्रायव्हर आठवून बघा. टॅक्सीवाल्याला तुम्ही दादर सांगता. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, तुम्ही उतरलात की दुसरं भाडं घ्यायला तो मोकळा. घरच्या ड्रायव्हरला तुम्ही सकाळी आठला बोलावता, गाडी तुमची, रजा तुम्ही देता, दिवसभर काम नसलं तरी त्याला थांबावं लागतं. आता या ड्रायव्हरकडून “मी टॅक्सीवाला आहे” असं लिहून घेतलं तर तो टॅक्सीवाला होतो का? गाडी अजून तुमचीच आहे आणि उद्या सकाळी आठला तो तुमच्याच दारात उभा राहणार आहे.

न्यायालयं साधारण याच रीतीने बघत आली आहेत. १९५६ मध्ये मिठागरातल्या कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काम कसं करायचं यावर ताबा कोणाचा, हा मुद्दा धरला. १९७३ मध्ये शिंप्यांचं प्रकरण आलं. दर नगामागे पैसे घेणारे कारागीर, पण शिलाई मशीन दुकानदाराचं, आणि शिवण पसंत नसेल तर ती परत करायला लावण्याचा अधिकारही त्याचाच. न्यायालयाने त्यांना कर्मचारी ठरवलं. नगावर पैसे घेतले म्हणून माणूस आपोआप स्वतंत्र होत नाही, हे त्यातून स्पष्ट झालं.

उलट दिशेचं उदाहरण आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाचं आहे. पुण्याच्या रुबी हॉल क्लिनिकमधले सल्लागार डॉक्टर पगारी की व्यावसायिक, असा वाद आयकर खात्याने घातला होता. २०१५ च्या निकालात न्यायालयाने खात्याचं म्हणणं मानलं नाही. त्या डॉक्टरांच्या पैशांवर १९४-जे लागू राहिलं. म्हणजे ठराविक वेळ किंवा दरमहा ठराविक रक्कम, असा एखादा मुद्दा उचलून भागत नाही. सगळा करार आणि सगळा व्यवहार एकत्र वाचावा लागतो.

स्वतःला विचारण्यासारखे प्रश्न यातूनच निघतात. लॅपटॉप कोणाचा? सुट्टी मागावी लागते की फक्त कळवायची? तुमच्याऐवजी दुसऱ्या कोणाला पाठवता येईल का? दुसरा क्लायंट घेता येतो का? काम बिघडलं तर स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचं का? सगळी उत्तरं ड्रायव्हरकडे झुकत असतील तर कागदावर ‘कन्सल्टंट’, ‘रिटेनर’, ‘ऑफ-रोल’ काहीही लिहिलेलं असो, तुमची बाजू कर्मचाऱ्याची आहे.

पैशात फरक किती?

इथे लोकांचे सर्वाधिक गैरसमज आहेत, म्हणून आकडे मांडून बघू. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीचे दर धरते.

महिना दीड लाख, म्हणजे वर्षाला १८ लाख मिळवणारा आयटीतला माणूस घ्या. पगारी असेल तर ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन १७,२५,००० वर कर लागतो. उपकरासह तो १,५०,८०० रुपये होतो. तोच माणूस व्यावसायिक असेल आणि ४४-एडीए घेत असेल, तर निम्मी फी उत्पन्न धरली जाते. (४४-एडीए म्हणजे ठराविक व्यवसायांना हिशोबाच्या वह्यांशिवाय पावतीच्या ५० टक्के रकमेला नफा मानू देणारी सोय.) ९ लाखांवर करसवलत मिळून देणं शून्य. एका शब्दावर दीड लाखाचा फरक! खात्याची या विषयावर नजर का असते आणि “कन्सल्टंटच बरं” असा सल्ला सर्रास का दिला जातो, ते यातून कळतं.

आता महिना ६०,००० वर काम करणारी एखादी मुलगी घ्या. वर्षाचे ७,२०,०००. पगारी असती तर कर शून्य, कपातही शून्य. व्यावसायिक असली तरी कर शून्यच, पण दरमहा ६,००० रुपये टीडीएस कापला जातो. वर्षाचे ७२,००० सरकारकडे अडकून राहतात आणि रिटर्न भरल्यावर परत येतात. त्यावर पीएफमधला मालकाचा वाटा नाही, भरपगारी रजा नाही, ग्रॅच्युइटी नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार ठराविक मुदतीच्या कर्मचाऱ्यालाही एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो, पण त्यासाठी आधी कर्मचारी असावं लागतं. कमी पैशांवर काम करणाऱ्यांना ‘कन्सल्टंट’ होऊन कराचा काडीचाही फायदा नसतो, तोटा मात्र पुरेपूर असतो. आणि अशा मुलांकडूनच ही सही सगळ्यात घाईने घेतली जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

शिवाय व्यावसायिक म्हटल्यावर काही कामं तुमच्या अंगावर येतात. महाराष्ट्रात व्यवसाय कराची स्वतःची नोंदणी करून वर्षाला २,५०० रुपये भरायचे. पगारदाराचा हाच कर मालक महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० असा कापतो. टीडीएस वजा जाऊनही १०,००० किंवा त्याहून जास्त कर उरत असेल तर आगाऊ कर भरायचा. ४४-एडीए वाल्यांनी तो १५ मार्चपर्यंत एकदम भरायचा असतो.

कागदातल्या ओळी, एकेक करून

“माझा पॅन हा आहे आणि तो आधारशी जोडलेला आहे.” ही वस्तुस्थिती. पोर्टलवर तपासा आणि सही करा. पॅन निष्क्रिय असेल तर तो दिलाच नाही असं धरून २० टक्के कापतात, तेव्हा ही ओळ तुमच्याच फायद्याची आहे.

“मी भारताचा कर-रहिवासी आहे.” वर्षात १८२ दिवस किंवा अधिक इथे असाल तर हो. जहाजावर किंवा आखातात जाऊन-येऊन असाल तर पासपोर्टवरचे शिक्के मोजून मगच.

“माझी जीएसटी नोंदणी नाही, उलाढाल २० लाखांच्या आत आहे.” वस्तुस्थितीच, पण तारखेनिशी लिहा. २० लाखांत या एजन्सीची बिलं एकटी येत नाहीत. दुसऱ्या क्लायंटची फी, शिकवणीचे पैसे, घरभाडंसुद्धा मोजलं जातं. “आजच्या तारखेला” हे शब्द घाला. मर्यादा ओलांडली तर कळवीन, असंही लिहा.

“मी मागच्या दोन वर्षांची रिटर्न भरली आहेत.” रिटर्न न भरणाऱ्यांकडून जादा टीडीएस कापण्याचं २०६-एबी कलम १ एप्रिल २०२५ पासून रद्द झालं. ही ओळ जुन्या नमुन्यातून तशीच उतरली आहे. भरली असतील तर सही करायला हरकत नाही, नसतील तर खोटं लिहू नका.

“फॉर्म १५-जी जोडत आहे.” हा फॉर्म बँकेच्या व्याजासारख्या ठराविक उत्पन्नांसाठी आहे. व्यावसायिक फी किंवा कंत्राटी पैशांना तो चालत नाही, कोणी कितीही खात्रीने मागितला तरी. कमी कपात हवी असेल तर कलम १९७ खाली फॉर्म १३ भरून आयकर अधिकाऱ्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र घ्यायचं. तो रस्ता लांबचा असला तरी सरळ आहे.

“मी एजन्सीचा किंवा क्लायंटचा कर्मचारी नाही.” हा झाला निष्कर्ष. खरोखर चार क्लायंट असलेला, स्वतःच्या साधनांनी काम करणारा माणूस हे म्हणू शकतो. रोज सकाळी क्लायंटच्या गेटवर कार्ड पंच करणाऱ्याने म्हणू नये. त्याजागी असं लिहा: “माझं काम दिनांक अमुकच्या करारातील अटींनुसार चालतं. त्या अटींचं कायदेशीर वर्गीकरण करून त्याप्रमाणे करकपात करणं ही देणाऱ्याची जबाबदारी आहे.” यात खोटं काही नाही, भांडणाची भाषाही नाही.

“भविष्यात कोणताही कर, व्याज, दंड उद्भवल्यास तो मी एजन्सीला भरून देईन.” सगळ्यात घातक ओळ हीच, आणि ती बहुधा शेवटच्या परिच्छेदात असते. तुमच्या उत्पन्नावरचा आयकर तुम्हीच भरायचा, त्यात वाद नाही. पण एजन्सीने कपात चुकवली, कापून भरली नाही, पीएफ लावला नाही, याचा भुर्दंड तुमच्यावर येण्याचं कारण नाही. ओळ अशी बदला: “माझ्या उत्पन्नावरील माझा आयकर भरण्याची जबाबदारी माझी. करकपात, भरणा आणि त्याची विवरणपत्रं यांची जबाबदारी एजन्सीची.”

कधी कधी हेच सगळं ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून मागतात. नोटरीच्या शिक्क्याने चुकीचा निष्कर्ष बरोबर होत नाही. उलट शपथेवर लिहिलेलं नंतर नाकारणं अवघड जातं, तेव्हा तिथे जास्तच जपून.

“सगळेच सही करतात, मी एकट्याने का अडून बसू?”

अडून बसू नकाच. दोन ओळी बदलून बाकी सगळं भरलेला कागद वेळेत परत करा, सोबत चार ओळींचा सभ्य मेल जोडा. एजन्सीत तो मेल वाचणारी व्यक्ती बहुतेक वेळा एचआरमधली असते. नमुना तिने लिहिलेला नसतो, तिला फक्त तिच्या यादीत तुमच्या नावापुढे टिक करायची असते. मनापासून बदल सुचवला तर पुष्कळदा तो चालून जातो. नाहीच चालला, तर निदान तुम्ही काय लिहून दिलं होतं याचा पुरावा तुमच्या मेलबॉक्समध्ये तारखेसह राहतो.

यावर कोणी म्हणेल, माझी सही काही ठरवतच नाही तर केली काय आणि न केली काय? फरक पडतो. सहीने तुमचा दर्जा बदलत नाही, पण पुढे पीएफ किंवा ग्रॅच्युइटी मागायला गेलात की पहिला कागद समोर येतो तो हाच. शिवाय भरपाईची ओळ हा स्वतंत्र करार ठरतो आणि त्यावरून एजन्सी तुमच्याकडे पैसे मागू शकते. जाणूनबुजून खोटा कर-जाहीरनामा दिला तर शिक्षेचीही तरतूद आहे.

“पैसे अडकवले तर?”

ही भीती खरी आहे. घरभाडं आणि ईएमआय कागदासाठी थांबत नाहीत. खरोखर व्यावसायिक असाल तर ‘उद्यम’ नोंदणी करून ठेवा. ती मोफत आणि ऑनलाइन होते. नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, उशिरावर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं, आणि तक्रारीसाठी केंद्र सरकारचं पोर्टल आहे. मोठ्या एजन्सीचे हिशोब बघणाऱ्यांना हा नियम चांगला ठाऊक असतो, कारण मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात धरता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापा, एवढ्यानेही फरक पडतो.

कर्मचाऱ्यासारखं काम करत असाल तर हा रस्ता तुमचा नाही. तुमच्यासाठी बीकेसीतल्या कामगार भवनात कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, आणि पीएफसाठी पीएफ कार्यालय. पीएफ कायद्यात कंत्राटदारामार्फत लावलेला माणूसही कर्मचाऱ्याच्या व्याख्येत येतो, हे अनेकांना माहीत नसतं. जायच्या आधी हजेरीचे स्क्रीनशॉट, रजेच्या परवानगीचे मेल, क्लायंटच्या मॅनेजरच्या सूचना, गेटपास हे सगळं एका फोल्डरमध्ये जमवा.

“टीडीएस कापला, आता माझं काय काम?”

कापला आणि भरला, यात अंतर असतं. कापलेला टीडीएस तुमच्या पॅनवर जमा झाला की नाही ते आयकर पोर्टलवर २६-एएस मध्ये दिसतं. एजन्सीची तिमाही विवरणपत्रं ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे पर्यंत जायची असतात, तेव्हा त्यानंतर आठवड्याभराने एकदा बघत जा. कलमाचा रकानाही वाचा. डिक्लरेशनमध्ये ‘व्यावसायिक’ लिहून घेतलं आणि कपात १९२ खाली दाखवली, असले घोळ तिथेच सापडतात, आणि वर्ष संपायच्या आत सापडले तर एजन्सी ते दुरुस्त करू शकते.

एजन्सीने पैसे कापले पण सरकारला भरले नाहीत, तर? कापला गेलेला कर पुन्हा तुमच्याकडून मागता येत नाही, असं कलम २०५ सांगतं, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये एका पगारदाराच्या बाजूने हेच ठरवलं होतं. मात्र कापल्याचा पुरावा तुमच्याकडे हवा: बिल, बँकेत आलेली निव्वळ रक्कम आणि कपातीचा मेल. एजन्सीच्या पोर्टलवरचा ॲक्सेस काम संपलं की बंद होतो, म्हणून कागद महिन्याच्या महिन्याला उतरवून घ्या.

परदेशी एजन्सीचा फॉर्म

मुंबईत बसून अमेरिकेतल्या एजन्सीसाठी काम करणाऱ्यांना डब्ल्यू-८ बेन हा फॉर्म येतो. त्यात तुम्ही अमेरिकी नागरिक किंवा तिथले कर-रहिवासी नाही, हे सांगायचं असतं. ही वस्तुस्थिती आहे, भरायला हरकत नाही. तो एजन्सीकडेच राहतो आणि सही केलेल्या वर्षानंतरची तीन वर्षं चालतो: २०२६ मध्ये सही केलीत तर ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत. चुकून डब्ल्यू-९ पाठवला असेल तर तो भरू नका, तो अमेरिकी व्यक्तींसाठी आहे. डोंबिवलीच्या घरात बसून केलेल्या कामाची फी अमेरिकेच्या नियमांत तिथलं उत्पन्न धरली जात नाही. कर भारतात लागतो, आणि तिथे कोणी टीडीएस कापत नसल्याने आगाऊ कराकडे तुम्हालाच लक्ष द्यावं लागतं.

ब्रिटनकडे बघितलं तर आपल्याकडे काय कमी आहे ते लगेच दिसतं. तिथे स्वतःच्या कंपनीमार्फत काम करणाऱ्यांसाठी आयआर-३५ नावाचे नियम आहेत. एप्रिल २०२१ पासून मध्यम आणि मोठ्या खाजगी कंपन्यांना दर्जा स्वतः ठरवावा लागतो, कारणांसह लेखी कळवावा लागतो, आणि काम करणाऱ्याला त्यावर हरकत घेता येते. ठरवण्याचं ओझं कामाचा फायदा घेणाऱ्यावर आहे. आपल्याकडे तशी तरतूद नाही, म्हणून ते ओझं दोन पानांच्या पीडीएफमधून खाली सरकत सरकत सगळ्यात कमी पैसे घेणाऱ्याच्या बोटापर्यंत येतं. ब्रिटिश एजन्सीची प्रश्नावली आली तर तुम्ही कुठे राहता, कुठून काम करता आणि कोणाच्या सूचनांवर करता, एवढंच लिहा. त्यावरून दर्जा ठरवणं त्यांचं काम आहे.